कोंबड्यांच्या पायावरची यादी

वत्सला गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याला, देवपुरात, मुलाच्या गच्चीवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होते. सकाळचे आठ वाजले असतील. हात पिठात होते, म्हणून नातीने फोन माझ्या कानाला धरला. पलीकडून वत्सलाचे मालक, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ते बोलत होते. "अक्का, तुमची मैत्रीण गेली," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "कधी नेणार?" ते म्हणाले, "अकराला." शिजवलेलं ज्वारीचं पीठ पातेलंभर तसंच होतं. मी ते सगळं संपवलं, शेवटची बिबडी कापडावर थापली, हात धुतले आणि निघाले. सुनेला ते आवडलं नाही, ती तसं म्हणालीही. पण धुळ्याहून अमळनेर, तिथे गाडी बदलून चोपडा, आणि पुढे रिक्षा... अकराला मी काही पोचत नव्हते. आणि शिजवलेलं पीठ टाकून दिलेलं वत्सलाला खपलं नसतं. मी पोचले तेव्हा माणसं परत आली होती आणि ओट्यावर पाण्याची बादली ठेवलेली होती.

त्याला आता सात आठवडे झाले. ओळखीचे लोक भेटले की तोंड पाडून बोलतात, फार वाईट झालं म्हणतात. वाईट झालंच. पण मला बरंचसं हलकं वाटतंय, आणि ते का वाटतंय हे सांगायला मी बसले आहे. मी चौथी शिकलेली बाई. अक्षर माझं आहे, ऱ्हस्व-दीर्घ नातीने बघितलं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण गावातली माणसं तिथेच राहतात आणि ज्या साहेबांबद्दल पुढे लिहिलं आहे तेही कुठेतरी नोकरीत आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव आहे, एवढं पुरे.

वत्सला आमच्या अंगणवाडीची सेविका आणि मी मदतनीस. ती मॅट्रिक, मी चौथी. वयाने मी सहा वर्षांनी मोठी. चारचौघांत मी तिला ताई म्हणायचे, दोघीच असलो की वत्सला. ती मला कायम अक्का म्हणायची, रागावली तरी अक्काच. चोवीस वर्षं आम्ही एका खोलीत काम केलं. मी खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची, तिने वजनं घ्यायची, शिकवायचं आणि लिहायचं. लिहायचं काम तिच्या वाट्याला फारच आलं, कारण पुढे सरकारने तिला मतदार यादीचंही काम दिलं. बीएलओ म्हणतात त्याला. गावात कोण अठराचं झालं, कोणाची सून आली, कोणाची लेक गेली, कोण मेलं, हे घरोघरी जाऊन बघायचं आणि यादी सरळ ठेवायची.

हे काम तिला इतकं मनापासून का आवडायचं हे मला पहिल्यापासून कळत नसे. कोणाच्या घरी माणूस गेलं की दहावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ही हजर. काळा चहा घ्यायची, दोन शब्द बोलायची आणि पिशवीतून फॉर्म सात काढायची. नाव वगळायचा फॉर्म तो. लोक तोंडावर काही म्हणत नसत, पण ती गल्लीत शिरली की ओट्यावर बसलेले म्हातारे म्हणायचे, "ऊनी रे यमनी कारकून," आली यमाची कारकून. ती हसायची. "नाना, तुमचा फॉर्म भरून ठेवलाय, फक्त तारीख टाकायची राहिली," असं उलट म्हणायची. मी एकदा तिला म्हटलं, "मेलेल्या माणसाचं नाव राहिलं यादीत चार वर्षं, तर कोणाचं काय जातं?" ती म्हणाली, "मेलेल्याचं नाव राहिलं की उद्या कोणीतरी जिवंत माणसावर संशय घेतो, अक्का." तेव्हा मला ते बोलणं मोठेपणाचं वाटलं होतं.

माझं नावही तिनेच काढलं. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर मी मुलाकडे देवपुरात कायमची राहायला आले, तर दोन महिन्यांत हिचा फोन, "तुझं नाव इथून काढून तिकडे टाकलंय." चाळीस वर्षं मी त्या गावात मत दिलं होतं. मी म्हटलं, "कोणाला विचारून?" ती म्हणाली, "राहतेस तिथे नाव पाहिजे. उद्या मला कोणी विचारलं, मैत्रिणीचं कसं ठेवलं, तर?" मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं ते वाचून कोणी म्हणेल की या बाईला तपासणीच नको होती. तसं नाही. तिच्याइतकी तपासणी कोणी केली नसेल.

आता पाड्याचं सांगते. गावापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर, चढावर, पावरा लोकांचा पाडा आहे. आमच्याच यादीत तो येतो. पावसावरची शेती, दिवाळीनंतर हाताला काम नसतं, म्हणून पाडा गुजरातेत ऊसतोडीला जातो आणि होळीला परत येतो. होळी चुकवणारा पावरा मी पाहिला नाही. ही माणसं जाताना घराला कडी लावतात, खाटा भिंतीला उभ्या करतात, आणि कोंबड्या गेंदाबाईकडे ठेवतात. गेंदाबाई पाड्यातली सगळ्यांत म्हातारी बाई, तिला आता ऊस तोडवत नाही. सगळ्यांच्या कोंबड्या एका अंगणात फिरणार, मग कोणाची कोणती हे कसं कळायचं? म्हणून प्रत्येक घराची चिंधी ठरलेली. नानसिंगची लाल, त्याच्या भावाची निळी, शाळेजवळच्या घराची पिवळ्यावर ठिपके असलेली. कोंबडीच्या पायाला चिंधी बांधायची आणि जायचं. जो कायमचा निघून जातो तो कोंबड्या विकून जातो. वत्सलाने हे काही वर्षांत बरोबर ओळखलं होतं. थंडीत पाड्यावर गेली की ती आधी गेंदाबाईच्या अंगणात उभी राहायची आणि चिंध्या बघायची. "हिरवी दिसत नाही गं," असं म्हणायची. गेंदाबाई सांगायची, हिरवीवाले सासुरवाडीला राहायला गेले, कोंबड्या विकल्या. की हिच्या वहीत त्या घरापुढे खूण. तिची यादी कधी चुकली नाही. मी थट्टा करायचे, की सरकारची यादी कोंबड्यांच्या पायावर लिहिलेली आहे.

यंदा वरून हुकूम आला की यादी नव्याने, कडक तपासायची. प्रत्येक नाव जुन्या यादीशी जुळवायचं, प्रत्येकाची सही घ्यायची, फोटो, कागद, सगळं मोबाइलमध्ये चढवायचं आणि रोज संध्याकाळी किती झालं ते ग्रुपवर टाकायचं. आधी वत्सलाने लिहिलेलं तालुक्याला चालायचं. आता तिच्या लिहिण्याला वरच्याची मंजुरी, त्याच्या लिहिण्याला त्याच्या वरच्याची. आणि हे सगळं पौषात, पाडा रिकामा असताना. तिचा मला फोन आला. "अक्का, ये. मदतनीसची जागा अजून भरली नाही, मी यादीत अडकलेय, पोरांना बघायला कोणी नाही." मी गेले. पगार नाही, नेमणूक नाही, पुन्हा त्याच खोलीत खिचडी शिजवायला लागले.

गेले तर अंगणवाडीला दुपारी कुलूप असायचं हे कळलं. दोन महिने वजनं झाली नव्हती. वजनकाटा आढ्याला तसाच लटकत होता, त्यावर कोळ्याचं जाळं. मी तो पुसला आणि एकेक पोर टांगलं. सपना म्हणून अडीच वर्षांची पोर होती, तिचा काटा पाहून मी चष्मा काढून पुन्हा लावला. दंड माझ्या दोन बोटांएवढा. दोन महिन्यांत ती वाळत गेली आणि कोणी बघितलं नाही, कारण बघणारी बाई दारोदार फोटो काढत होती. मी तिच्या आईला बोलावून चांगलं झापलं, रोज दोनदा इथे आण म्हटलं, अंडं वेगळं ठेवायला लागले. वत्सलाला संध्याकाळी सांगितलं तेव्हा ती पायरीवर बसली. मग म्हणाली, "नोंद करायला पाहिजे." आणि फोन काढला तर त्यात ग्रुपवरचे सत्तावीस निरोप.

पाड्याची एकसष्ट नावं राहिली होती. ॲपमध्ये प्रत्येक नावापुढे चारच चौकटी. मयत, कायमचे स्थलांतर, दुबार, सापडत नाही. होळीला येतील, अशी चौकट नव्हती. वर पर्यवेक्षक म्हणून जे साहेब होते ते दुसऱ्या खात्यातले, यादीच्या कामाला जुंपलेले, पन्नाशीचे गृहस्थ. वाईट माणूस नव्हता. तेही आमच्या दोघींबरोबर पाड्यावर आले, धापा टाकत. वत्सलाने त्यांना गेंदाबाईच्या अंगणात नेलं आणि चिंध्या दाखवल्या. गेंदाबाईची भाषा पावरी, पण आमच्याशी ती अहिराणीत बोलते. ती साहेबांना म्हणाली, "कायमना जाणार ऱ्हातात ते कोंबड्या इकी नही टाकतात का?" साहेब कोंबड्यांकडे बघत राहिले. मग हसले आणि म्हणाले, "ताई, मला पटतं हो. पण मी वर काय लिहू? कोंबडीच्या पायाला चिंधी आढळली?" आम्ही तिघी हसलो. ते उतारावर गेल्यावर हसणं थांबलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या तालुक्यात आमचाच बूथ ॲपमध्ये लाल, म्हणजे काम अपुरं, दिसत होता. ग्रुपवर वत्सलाचं नाव घालून निरोप आला, संध्याकाळपर्यंत पूर्ण करा, नाहीतर नोटीस. पोरं ताटल्या घेऊन ओळीत बसली होती. ती कोपऱ्यात खुर्चीवर फोन हातात धरून बसलेली. म्हणाली, "अक्का, काय करू?" मी पातेल्यात डाव हलवत होते, चिडलेली होते, सपनाची आई त्या दिवशी आली नव्हती. मी म्हटलं, "दाब आणि मोकळी हो. होळीला आले की पुन्हा घाल नावं. इतकं काय?" तिने माझ्याकडे बघितलं. मग एकेक नाव काढून ती दाबत गेली. कायमचे स्थलांतर. कायमचे स्थलांतर. एकसष्ट वेळा. पोरांचं जेवण झालं तरी तिचं चाललं होतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. दाब असं मीच म्हटलं. तिची चूक म्हणून पुढे जे लोक बोलले, त्यातली अर्धी माझी होती, आणि मी गप्प राहिले.

कारण पुन्हा नावं घालणं तितकं सोपं नव्हतं. नियमच असा झाला होता की काढताना एक बोट पुरतं आणि घालताना माणूस स्वतः पाहिजे, कागद पाहिजे, आईबापाचं नाव जुन्या यादीत दाखवायला पाहिजे आणि तालुक्याला सुनावणीला उभं राहायला पाहिजे. होळीला पाडा परत आला. ढोल सुरू होते. मी तिला म्हटलं, आत्ता नको, सण होऊ दे. तिने ऐकलं नाही. नानसिंगच्या अंगणात सगळे जमले होते तिथे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुमची नावं यादीतून गेली. मी काढली. दुसऱ्या कोणी नाही." ढोल वाजवणाऱ्याचा हात थांबला. नानसिंग म्हणाला, "ताई, ऊस तोडाले गऊत, मरी नही गऊत." एक म्हातारा म्हणाला, आमच्या बापाचं नाव होतं, त्याच्या बापाचं होतं, आम्ही कुठून आलो मग? आणि एक बाई मागून म्हणाली, "अंगणवाडीत पोरगं पाठवू का नको, ताई? का त्याचंही नाव काढलंस?" वत्सलाने ते सगळं ऐकून घेतलं. मी तिच्या मागे दोन पावलांवर उभी होते. तोंड उघडलं नाही.

मग दोन महिने ती त्या एकसष्ट नावांमागे होती. नाव घालायचे फॉर्म सहा भरायचे, सह्या-अंगठे घ्यायचे, कोणाच्या आजोबाचं नाव कोणत्या जुन्या यादीत आहे ते शोधायचं. टेम्पोत माणसं भरून तालुक्याला न्यायची. सकाळी गेलेली माणसं चारपर्यंत व्हरांड्यात बसायची आणि कधी कळायचं की आज साहेब दुसरीकडे गेले. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती बुडालीच. तान्ही पोरं घेऊन बाया बसलेल्या. सुनावणीसाठी शाळेचे दोन वर्ग घेतले होते, तिथली पोरं झाडाखाली. एकदा एक शिपाई वत्सलाला म्हणाला, "ताई, कितल्या चकरा मारशी? सोडी दे ना आते." ती म्हणाली, "तुझं नाव आहे का यादीत? आहे ना. मग गप बस."

शेवटी ज्या मॅडमपुढे सुनावणी झाली त्या हुशार होत्या. कागद उलटून पालटून बघितले आणि वत्सलाला विचारलं, "पौषात तुम्हीच लिहिलंय, कायमचे गेले. आता तुम्हीच म्हणता, इथलेच. यातलं खरं कोणतं?" मी दाराशी बसले होते. वत्सला सांगू शकली असती की वरून दबाव होता, ग्रुपवर निरोप होते. ते खरंही होतं. पण मग त्या पर्यवेक्षक साहेबांची मान अडकली असती आणि प्रकरण आणखी चार महिने लांबलं असतं. ती म्हणाली, "पौषात लिहिलं ते खोटं होतं, मॅडम. माझ्या बोटाने झालं." मॅडम म्हणाल्या, "हे लिहून द्याल? तुमच्यावर कारवाई होऊ शकते." ती म्हणाली, "कागद द्या." उभ्यानेच लिहून दिलं. मला तेव्हा उठून सांगावंसं वाटलं की मी दाब म्हटलं होतं... उठले नाही. गुडघे दुखत होते असं मी स्वतःला सांगितलं. परत येताना टेम्पोत मी तिला म्हटलं, "मी बोलायला पाहिजे होतं." ती म्हणाली, "तू बोलून काय होणार होतं? तुझं नाव इथल्या यादीतही नाही." आणि इतकी हसली की टेम्पोवाल्याने मागे वळून बघितलं.

त्यानंतर आठवडाभराने गेंदाबाईने तिला कोंबडी दिली. तांबडी, चांगली अंड्यावरची. वत्सलाच्या घरात आबा माळकरी, घरात अंडंही येत नाही. ती म्हणाली, "ही घरी नेली तर आबा माळ काढून माझ्या गळ्यात घालतील आणि स्वतः हिमालयात जातील." मग तिने पिशवीतून अंगणवाडीच्या जुन्या गुलाबी साडीचा तुकडा काढला, फळा पुसायला ठेवायची ती, त्याची बारीक चिंधी फाडली आणि कोंबडीच्या पायाला बांधली. "तुझ्याकडेच राहू दे, गेंदाबाई. अंडी अंगणवाडीत पाठव." ती अंडी सपनाला जायची. सपना आता पळते, शिव्याही देते.

वत्सलाच्या पायाला त्याच दिवसांत चप्पल चावली होती. शुगर तिला दहा वर्षं होती आणि पेढा समोर आला की ती नाही म्हणत नसे. जखम तिने कोणाला दाखवली नाही. काही लोक म्हणतात, यादीने तिचा जीव घेतला. तसं कोणी छापू नये. जीव शुगरने घेतला आणि थोडा तिच्या हट्टाने. पण दवाखान्यात जायला जे दोन दिवस लागतात, ते त्या दोन महिन्यांत तिला सापडले नाहीत, हेही खरं आहे. जळगावच्या दवाखान्यात मी तिला भेटले तेव्हा पाय फळीवर ठेवलेला होता आणि उशीखाली कारणे दाखवा नोटीस होती. मी म्हटलं, "ती कशाला आणलीस इथे?" म्हणाली, "उत्तर लिहायचंय." मग म्हणाली, "अक्का, शेवटची यादी लागली की जाऊन बघशील? बोट ठेवून वाचायचं, एकेक. कोणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवायचा नाही." मी म्हटलं, "तूच बघ की, आठ दिवसांत घरी येशील." पोराने पाटीवर चुकीचं लिहिल्यावर बघायची, तसं तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "बघते."

त्या नोटिशीला उत्तर द्यावं लागलं नाही. मेलेल्या बाईची चौकशी बंद होते. एवढं एक काम तरी तिचं वाचलं.

यादी लागली तेव्हा तिला जाऊन पाच आठवडे झाले होते. मी पुन्हा अमळनेरवरून गाड्या बदलत गेले. अंगणवाडीच्या भिंतीवर कागद चिकटवले होते. नवीन बीएलओ शाळेतले गुरुजी आहेत, ते म्हणाले, "अक्का, सगळी आलीत, मी बघितली." मी म्हटलं, "मला बघू द्या." पिशवीतून वत्सलाची वही काढली, जी आबांनी मला दिली होती, आणि बोट ठेवून वाचायला लागले. मला वेळ लागतो. दुपार झाली. गुरुजींनी खुर्ची आणून दिली. एकोणसाठ सापडली. दोन नव्हती. मी पुन्हा वाचलं, पुन्हा दोन नाहीत. दाब म्हटलं होतं मी.

वही घेऊन तशीच उन्हात पाड्यावर गेले. गेंदाबाई अंगणात बसली होती. मी दोन्ही नावं वाचून दाखवली. ती बोटं मोजत म्हणाली, एक उसाच्या फडातच साप चावून गेला, होळीला त्याची बायको एकटी आली. आणि दुसरी पोरगी, तिचं लग्न झालं, ती पलीकडे मध्य प्रदेशात दिली. म्हणजे वत्सलाने त्यांचे फॉर्म भरलेच नव्हते. वहीत बघितलं तर दोन्ही नावांपुढे तिची बारीक खूण होती, जी मला आधी दिसली नव्हती. यादी बरोबर होती. मी त्या अंगणात खाटेवर आडवी झाले. गेंदाबाईने पाणी दिलं. इतकं बरं मला ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी काढली तेव्हाही वाटलं नव्हतं.

उठले तेव्हा समोर ती तांबडी कोंबडी होती, पायाला गुलाबी चिंधी. मी म्हटलं, "ही आता तुझी झाली, गेंदाबाई. चिंधी सोड." ती म्हणाली, "तिनी कोंबडी शे," म्हणजे कोंबडी तिची आहे. मी म्हटलं, "ती आता येणार नाही." गेंदाबाईला ते माहीत होतं, ती तेराव्याला जेवायलाही आली होती. पण ती मला म्हणाली, "यादीमा नाव शे ना तिनं?"

मी वही उघडली नाही, कारण मी स्वतःच सकाळी भिंतीवर बोट ठेवून ते नाव ओलांडलं होतं. आमच्या गल्लीत, आबांच्या नावाच्या खाली. वय, फोटो, सगळं. त्या सगळ्या यादीत चुकीचं नाव ते एकच होतं.

"मंग ऱ्हाऊ दे चिंधी," गेंदाबाई म्हणाली.

मी म्हटलं, "नाही. तिला चालणार नाही."

खाली उतरले, गुरुजींकडून फॉर्म सात मागून घेतला. ते म्हणाले, "अक्का, मोबाइलवर होतं ते." मी म्हटलं, "कागद द्या." आबांच्या ओट्यावर बसून मी तो भरला, चौथीच्या अक्षरात, नाव, वय, कारण. कारणापुढे मयत लिहिलं. आबांनी सही केली. काळा चहा झाला. गुरुजींनी पोच दिली ती मी दोनदा वाचली. मग संध्याकाळच्या गाडीआधी पुन्हा पाड्यावर चढले, गेंदाबाईला पोच दाखवली. तिला वाचता येत नाही, पण तिने शिक्क्यावर बोट फिरवलं, कोंबडी धरली आणि चिंधी सोडून माझ्या हातात दिली.

चिंधी मी फेकली नाही, जपूनही ठेवली नाही. देवपुरातल्या घरी बिबड्यांच्या डब्याचं झाकण ढिलं झालं होतं, सारखी मुंगी लागायची. झाकणाखाली ती गुंडाळून बसवली आहे. आता झाकण घट्ट बसतं.